एन४ पास, एन३ नापास आणि फॉर्ममध्ये तीनच पर्याय: जपानी किती येतं म्हणून लिहू?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. उद्या-परवाकडे एक फॉर्म भरायचाय आणि एका रकान्यावर गाडी अडलीय.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल. आमचा मोठा कस्टमर जपानी, त्यामुळे बरीचशी ड्रॉइंग्ज जपानीतच येतात. सुरुवातीला मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचायचे. एकदा त्याने असलं काही अचाट सांगितलं की वैतागून टिळक रोडवर शनिवार-रविवारचा क्लास लावला. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा (एन५ सगळ्यात सोपी पातळी, एन१ सगळ्यात अवघड), त्यातली एन४ पास झाले. एन३ ला एकूण १०१ पडले, पासिंग ९५ ला, तरी नापास. कारण लिसनिंगला ६० पैकी १७ आणि प्रत्येक भागात किमान १९ लागतात. घरी हे गणित अजून कोणाला पटलेलं नाही. आईचं म्हणणं, पेपर पुन्हा तपासायला दे.

आता नेमकं काय येतं ते सांगते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपा वाचता येतात. 'बारि नाकि कोतो' दिसलं की 'बर', म्हणजे कडेला राहिलेला खरखरीत धातू, चालणार नाही, कडा साफ हव्यात. मेन्तोरी म्हणजे चॅम्फर (तिरपी कापलेली कड), कोऽसा म्हणजे टॉलरन्स (मापात चालणारा फरक), नेत्सुशोरी म्हणजे हीट ट्रीटमेंट. न दाखवलेल्या कोपऱ्यांना सी०.५, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर घ्या, हे वाक्य तर झोपेतही वाचीन. रिजेक्शनचा मेल आला तर कुठला पार्ट, काय दोष, कधीपर्यंत उत्तर हवं, एवढं शब्दकोश न उघडता कळतं. उत्तर मात्र मी इंग्रजीत देते.

बोलण्याची गोष्ट वेगळी. कस्टमरकडून कोणी आलं की स्वागत, ओळख, 'इकडून या', 'हा पार्ट आधीचा, हा बदललेला' इथपर्यंत ठीक. पण ते दोघं आपसात बोलायला लागले की मला विषय कळतो, निर्णय कळत नाही. फोनवर तर 'ओसेवा नि नात्ते ओरिमास' हा सुरुवातीचा नमस्कार झाला की पुढे अंधार.

जिथे अर्ज करतेय ती एका जपानी कंपनीची इथलीच शाखा आहे, पद सप्लायर क्वालिटीचं. जाहिरातीत 'जपानी येत असल्यास प्राधान्य' असं आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये भाषेपुढे तीनच पर्याय: बेसिक, कन्व्हर्सेशनल, बिझनेस. खाली 'अधिक माहिती'ची छोटी चौकट आणि सीव्ही वेगळा जोडायचाय.

वहिनी एचआरमध्ये आहे. ती म्हणते, सगळेच एक पायरी वर लिहितात, तू खरं लिहिलंस तर तुला त्याहून एक पायरी खालची समजतील. हे ऐकून जास्तच गोंधळले. बेसिक म्हटलं तर ज्याने परवा हिरागाना शिकायला घेतलं तोही बेसिक आणि मीही बेसिक? एन३ चा कुठे उल्लेख करावा का? आणि अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून जर्मन घेतलं होतं, त्यात ९६ होते. तेही टाकू?

झणझणीत

बिझनेस टाका आणि मोकळ्या व्हा. पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं, माणूस नाही. आत शिरल्यावर काय ते बघता येईल. जपानी माणूस तसाही समोर काही बोलत नाही.

दुभाषी काकू

झणझणीत, समोर बोलत नाही हे खरं. पण बाहेर गेल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या बाईला विचारतो, 'हिला किती येतं?' ती शेजारची बाई म्हणजे मी. बरीच वर्षं पुण्यातल्या कंपन्यांत दुभाषाचं काम करतेय आणि इंटरव्ह्यूला बसायला बोलावतात.

इंद्रायणी, तुला अगं-तुगं करते, चालेल ना? तिथे काय होतं ते ऐक. जिकोशोऽकाइ, म्हणजे स्वतःची ओळख, सगळ्यांची पाठ असते. नाव, गाव, छंद क्रिकेट, योरोशिकु ओनेगाइ शिमास. अगदी गुळगुळीत. मग साहेब सहज विचारतो, 'आज इथे कसे आलात? रस्त्यात गर्दी होती का?' क्लासमध्ये पहिल्या दोन महिन्यांत शिकवतात असा प्रश्न. बिझनेस लिहिलेला उमेदवार इथे माझ्याकडे बघतो. तेवढंच पुरतं. त्यानंतर त्याचा अनुभव, त्याची सर्टिफिकेटं, सगळ्याकडे साहेब त्याच नजरेने बघायला लागतो.

याउलट एका मुलाने सीव्हीत सरळ लिहिलं होतं की तपासणीचे अहवाल वाचू शकतो, बोलणं ओळखीपुरतं. साहेबांनी समोरचाच एक कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने बोट ठेवून सांगितलं: हे गाइकान, म्हणजे बाहेरून दिसणारं, इथे किझु, ओरखडा आहे, आणि ही शेवटची ओळ मला लागत नाही. ती शेवटची ओळ हाताने गिचमिड लिहिलेली होती, मलाही दोनदा वाचावी लागली. घेतलं त्याला. क्वालिटीच्या माणसाला किती भाषा येते यापेक्षा, न कळलेलं तो ओळखतो का आणि तसं सांगतो का, हे तिथे पाहतात. बैठकीत मान डोलावून बाहेर आल्यावर 'नक्की काय ठरलं?' विचारणारा माणूस मी बऱ्याच कंपन्यांत पाहिलाय. त्याच्या मान डोलावण्यापायी चुकीच्या रिव्हिजनचा माल कंटेनरमध्ये चढलेलाही पाहिलाय.

आता तुझ्या सर्टिफिकेटबद्दल. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, लिहिण्याचीही नाही. सगळं गोळे काळे करण्याचं काम: शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं. त्यामुळे एन२ असलेला मुलगाही फोनवर ततपप करू शकतो आणि एन५ सुद्धा न दिलेला, ओसाकात दोन वर्षं हॉटेलात राबलेला पोरगा फाडफाड बोलतो. जपानी साहेबांना हे पक्कं माहीत असतं. एन४ दिसलं म्हणून ते बोलण्याचा अंदाज बांधत नाहीत, बोलायला लावून बघतात. म्हणून एन४ लिहून थांबायचं नाही, त्याच्यापुढे कामं लिहायची.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एन४ ला शब्द-व्याकरण आणि वाचन यांचे मिळून १२० गुण एकत्र असतात, वाचन वेगळं दिसत नाही. पण निकालपत्रावर खाली ए, बी, सी अशी अक्षरं असतात, त्यात वाचनाचंही एक असतं. ए म्हणजे त्या भागातली ६७ टक्के किंवा जास्त उत्तरं बरोबर. तुझं वाचन ए असेल, असणारच असं वाटतंय, तर ते निकालपत्र सीव्हीसोबत जोड. सर्टिफिकेट सगळेच जोडतात, निकालपत्र कोणी जोडत नाही.

एन३ 'लेव्हल' असं लिहू नकोस. पास झालीस तर एन३, नाही तर नाही, मधलं काही ते मानत नाहीत. पण जपानी रिरेकिशोत, म्हणजे त्यांच्या ठरावीक नमुन्याच्या बायोडेटात, परवाने आणि पात्रतांचा रकाना असतो. वर्ष, महिना, परीक्षेचं नाव, उत्तीर्ण, अशा क्रमाने तो भरतात. तिथे 'एन३ साठी अभ्यास चालू' असं लिहिण्याची पद्धत आहे, त्यांची पोरंही लिहितात. ते खुशाल लिही. १०१ चा आकडा नको. विचारलं तर तोंडी सांग की वाचनात पुढे आहे, ऐकण्यात अडले. ते तुझ्या बाकीच्या सांगण्याशी जुळतंच.

चौकटीत साधारण असं जाईल, इंग्रजीत करून घे:

'जपानी: जेएलपीटी एन४ उत्तीर्ण, महिना-वर्ष. वाचन: ड्रॉइंगवरील टिपा, तपासणी अहवाल, तक्रारीचे ईमेल, रोजच्या कामात वापर. ऐकणे: समोरासमोर, ओळखीच्या विषयावर, सावकाश बोलल्यास. बोलणे: स्वागत, ओळख, लाइनवर पार्ट दाखवून समजावणे. फोन आणि बैठकीसाठी दुभाषी लागेल. एन३ चा अभ्यास चालू.'

'दुभाषी लागेल' हे काढून टाकावंसं वाटेल. काढू नकोस. त्या एका वाक्यामुळे वरच्या चार वाक्यांवर विश्वास बसतो. (आणि आमचीही पोटं चालतात.)

श्टुटगार्टकर

काकूंशी सहमत, एक सोडून. पण आधी जर्मनचं.

बारावीचे ९६ कृपया झाकून ठेवा. माझेही असेच भरघोस होते. इथे आलो तेव्हा बेकरीत उभं राहून बोटाने पाव दाखवत होतो. त्या परीक्षेत बहुतेक मार्क उतारा, रिकाम्या जागा आणि भाषांतर लिहून मिळतात. तुम्ही अकरावी-बारावीत शिकलात म्हणजे कधी काळी ए१ च्या आसपास असाल. आज काय आहे? मला वाटतं 'इश हाईसं' आणि 'इश कॉम्म आउस पुणे'. जपानी कंपनीच्या फॉर्मवर ते टाकलंत तर भाषांची यादी लांबते आणि जपानीचं वजन उतरतं. पाच भाषा लिहिणाऱ्याला एकही नीट येत नाही, असा वाचणाऱ्याचा सरळ हिशोब असतो.

इथल्या सीव्हींबद्दल थोडं, कारण हाच घोळ इथेही चालतो. पूर्वी लोक 'ग्रुंडकेंटनिसं' (प्राथमिक), 'फ्लीसेंड' (अस्खलित), 'फरहांडलुंग्सझिशर' असे शब्द लिहायचे, अजूनही लिहितात. त्यातला शेवटचा म्हणजे त्या भाषेत वाटाघाटी करता येतात. तो लिहिणाऱ्यातले निम्मे लोक रेल्वेचं तिकीट बदलून घेऊ शकणार नाहीत. म्हणून आता बहुतेक ठिकाणी युरोपच्या सहा पायऱ्या विचारतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. कौन्सिल ऑफ युरोपने ही चौकट २००१ मध्ये छापली. तिच्यासोबत स्वतःच भरायचा एक तक्ता आहे, त्यात ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं असे पाच वेगळे रकाने आहेत. म्हणजे वाचनात बी१ आणि संवादात ए१ असणं यात लाजण्यासारखं काही नाही, तक्ता त्यासाठीच पाच रकान्यांचा आहे. गोएथे संस्थेची जर्मनची बी१ परीक्षाही चार सुट्या भागांत देता येते आणि प्रत्येक भागात १०० पैकी ६० लागतात. तीन भाग पास झालेला माणूस तेवढे तीन दाखवतो.

तो तक्ता भरून बघा. जपानीसाठीही चालतो. 'मी हे करू शकतो' अशीच वाक्यं आहेत त्यात.

आता काकूंशी मतभेद. चौकटीतला मजकूर उत्तम आहे, पण तो वाचायला फॉर्म आधी एचआरच्या टेबलापर्यंत पोचला पाहिजे. ड्रॉपडाऊनमध्ये बेसिक निवडलं की तिथेच गळण्याची भीती. मी कन्व्हर्सेशनल निवडेन आणि चौकटीत खरं ते लिहीन.

दुभाषी काकू

श्टुटगार्टकर, मग वरचं आणि खालचं जुळत नाही ना. वर लिहिलंय संभाषण येतं, खाली लिहिलंय बैठकीला दुभाषी लागेल. साहेब दोन्ही वाचतो. आणि हा साहेब क्वालिटीचा आहे, दोन कागदांतला फरक शोधणं हेच त्याचं आयुष्य.

जाहिरातीतला शब्द बघा: 'प्राधान्य'. 'आवश्यक' असतं तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. प्राधान्य म्हटल्यावर शून्य जपानीवालेही अर्ज करणार, त्यांना गाळत नाहीयेत, मग बेसिकवालीला का गाळतील? आणि हो, 'निचिजोऽ काइवा', रोजच्या बोलण्यापुरतं, ही पातळी जपानी जाहिरातींत नेहमी दिसते. तिचा अर्थ ते बराच वरचा घेतात. डॉक्टरकडे जाणं, घरमालकाशी भांडणं, सगळं त्यात येतं.

युरोपच्या त्या सहा पायऱ्यांबद्दल, म्हणजे सीईएफआरबद्दल, एक जोडते. डिसेंबर २०२५ च्या परीक्षेपासून जेएलपीटीच्या निकालावर संदर्भासाठी ही पायरीही छापायला लागलेत, एन४ पास असेल तर ए२. पण ती फक्त वाचन आणि ऐकणं यांवरून आहे. म्हणून 'जपानी ए२' असं सरसकट लिहू नये. बोलण्याचा त्यात संबंध नाही.

म्हापशेकार

विषय जपानीचा आहे, पण माझी गंमत सांगतो, कदाचित उपयोगी पडेल.

मला पोर्तुगीज वाचता येतं, बोलता येत नाही. आजोबांची शाळा पोर्तुगीज काळातली. घरात ते माईशी कोकणीत बोलत, कोर्टाचे कागद आले की पोर्तुगीजमध्ये मोठ्याने वाचत. मी शेजारी बसून ऐकायचो. पुढे एका वकिलाकडे कामाला लागलो. १९६१ च्या आधीचे जमिनीचे दस्तऐवज, वाटणीचे इन्व्हेंतारियु, विक्रीखतं, सगळं पोर्तुगीजमध्ये, त्यातलं बरंच हाताने लिहिलेलं. सीमा सांगताना पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला वहाळ, असं ठरलेल्या साच्यात असतं. तो साचा एकदा डोळ्यात बसला की भराभर वाचता येतं. पण लिस्बनहून कोणी आला आणि 'जेवलात का' विचारलं तर मला घाम फुटेल.

दुसऱ्या ऑफिसात अर्ज करताना माझ्यापुढे हाच प्रश्न होता. फाडफाड बोलणारी कॉलेजची मुलं अर्जात होती, त्यांच्याकडे परीक्षा होत्या, माझ्याकडे एकही नाही. मी लिहिलं: 'पोर्तुगीज: एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले हस्तलिखित जमीन दस्तऐवज वाचतो, मराठी आणि इंग्रजीत गोषवारा करतो. बोलत नाही.' मुलाखतीत झेरॉक्स पुढे केली, शाई फुटलेली, कडेला वाळवीने खाल्लेली. परीक्षा पास झालेल्या मुलांना ते अक्षरच लागेना. त्यांचा दोष नाही, पुस्तकात छापील असतं.

सांगायचं ते इतकंच की, ताई, तुमचं 'बारि नाकि' जे काय आहे ते कमी समजू नका. क्लासमधल्या एन२ वाल्याला ते बहुतेक येत नसणार.

दुभाषी काकू

म्हापशेकार, शंभर टक्के. एन२ झालेल्या मुली माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतात आणि ड्रॉइंगवरचं मेन्तोरी अडतं. परीक्षेत ते येतच नाही.

झणझणीत

बरं बाबा, शब्द मागे. पण वहिनींच्या मुद्द्याचं काय? सगळे वाढवून लिहितात म्हणून वाचणारा कापूनच वाचतो.

श्टुटगार्टकर

विशेषण कापता येतं. 'चांगलं येतं' याचं 'बरं येतं' करता येतं. 'ड्रॉइंगवरील टिपा रोज वाचते' याचं काय करणार? एक तर वाचते किंवा नाही, आणि पाच मिनिटांत कागद पुढे ठेवून बघता येतं. वहिनींचा नियम तीन पर्यायांच्या रकान्याला लागू आहे, चौकटीला नाही.

इंद्रायणीकाठ

खूप खूप आभार सगळ्यांचे. निकालपत्र शोधलं, वाचनाला ए आहे, व्याकरणाला बी. इतके दिवस त्या अक्षरांकडे बघितलंच नव्हतं.

काल दुपारी धीर करून त्यांच्या एचआरला फोन केला आणि सरळ विचारलं की या पदाला जपानी नक्की कशासाठी लागेल. त्या म्हणाल्या, व्हेंडरकडून आलेली कागदपत्रं मूळ ड्रॉइंगशी ताडून बघायला. बैठकांना गुरुग्रामच्या ऑफिसातून दुभाषी ऑनलाइन असतो. म्हणजे तुम्ही सांगत होता तेच. बेसिक निवडतेय, चौकटीत काकूंचा मजकूर थोडा कापून. जर्मन काढलं. वहिनीला दाखवलं तर म्हणाली, 'दुभाषी लागेल' हे मीही लिहिलं नसतं, पण वाचायला बरं वाटतंय.

एकच शंका. कागद पुढे ठेवण्याची वाट बघण्यापेक्षा मीच आमच्याकडची एक-दोन ड्रॉइंग्ज फोनमध्ये नेऊन दाखवली तर? कस्टमरचं नाव झाकून.

दुभाषी काकू

अजिबात नाही! नाव झाकलं तरी ड्रॉइंग नंबर, टायटल ब्लॉकची मांडणी, पार्टचा आकार, यावरून ते कोणाचं आहे हे त्या साहेबाला दोन सेकंदांत कळेल. आणि आजच्या कस्टमरचं ड्रॉइंग बाहेर नेणारी उद्या आमचंही नेईल, हेही कळेल. पत्ता तिथेच कट. तुझ्या आत्ताच्या कंपनीत सही केलेला गोपनीयतेचा कागद आहे तो वेगळाच.

त्यापेक्षा मेकॅनिकल ड्रॉइंगचं जपानी मानक, जेआयएस बी ०००१, चाळून ठेव, त्यातल्या खुणा आणि शब्द सगळीकडे सारखे असतात. घरच्या घरी एक साधा ब्रॅकेट काढ, टिपा जपानीत स्वतःच्या हाताने लिही आणि तो कागद ने. हस्ताक्षर वाईट असलं तरी चालेल. आणि लिसनिंगचं बघ जरा, १७ म्हणजे फार लांब नाहीस. रोज जाता-येता बसमध्ये एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या बातम्या लाव. पहिल्यांदा न वाचता ऐकायच्या, मग मजकूर बघायचा. उलटं करशील तर पुन्हा वाचनच सुधारेल.